मधल्या महिन्याचं दफ्तर

बावीस वर्षं मी बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची आणि कागद ज्या टेबलाचा त्या टेबलावर सोडून द्यायचा. पुढे त्याचं काय झालं हे आपण विचारायचं नसतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. त्यामुळे आमच्या कॉलनीतले चित्रकलेचे सर एकदा घरी येऊन म्हणाले, "मॅडम, आमच्या राज्याला तुमच्यासारखं माणूस पाहिजे," तेव्हा मला वाटलं कर्मचारी संघटनेचं काहीतरी असेल. मी चहा टाकला आणि वर्गणी किती ते विचारलं.

सरांचं राज्य निराळं होतं. ते काही वर्षं पुण्याला होते, तिथे एका खेळात जायचे. खेळ नाटकासारखा, पण त्यात लिहिलेले संवाद नसतात आणि समोर प्रेक्षक नसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, तसा पोशाख करायचा आणि दिवसभर त्या पात्रासारखं बोलायचं, वागायचं, भांडायचं. पुढे काय होणार ते कोणालाच ठाऊक नसतं. परत आल्यावर सरांनी तो खेळ इथे सुरू केला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी देऊळघाटच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याच्या मळ्यात चौदा माणसं जमायची. मोटारीची खोली हा किल्ला, शेडनेटखाली दरबार, आणि पलीकडचा बांध म्हणजे राज्याची सरहद्द. खेळणाऱ्यांत एक वकील होते, औषधाच्या दुकानवाल्या बाई होत्या, आणि एक पुजारी होता. तो खेळात दरोडेखोर होता आणि फारच चांगला दरोडेखोर होता.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"रविवारची काही अडचण नाही," सर म्हणाले. "अडचण मधल्या महिन्याची आहे."

दोन खेळांमध्ये जसा आपला महिना जातो तसा राज्यातही जायचा, आणि त्या महिन्यात पात्रं काही स्वस्थ बसत नसत. कोणी गुप्तहेर पाठवायचं, कोणी लग्न जमवायचं, कोणी बंडाची तयारी करायचं. हे सगळं सरांना कळवायचं आणि सरांनी त्याचा निकाल सांगायचा, अशी पद्धत होती. सर मोकळ्या मनाचे असल्याने त्यांनी कसंही कळवायची मुभा दिली होती. वकिलांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगितलं, औषधवाल्या बाईंनी व्हॉट्सअपवर, आणि पुजाऱ्याने सरांच्या बायकोला, ती मेथी निवडत असताना. तिसऱ्या खेळाला असं उघडकीला आलं की राज्यातला एकुलता एक हत्ती वकील आणि औषधवाल्या बाई दोघांनीही विकत घेतलेला आहे. हत्ती कुठेच नव्हता, पण भांडण खरं झालं. दोघं पंधरा दिवस बोलत नव्हते आणि वकील तेवढे दिवस रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणत होते.

"मले काही समजूनच नाही राह्यलं आता," सर म्हणाले. पुण्यात राहून त्यांचं 'मले'चं 'मला' झालं होतं, पण वैतागले की ते मूळ गावी परत यायचे.

मी कामाला लागले. एक छापील नमुना केला. वर पात्र, खाली 'या महिन्यात काय केलं', त्याखाली 'कोणाला कळवायचं' आणि 'कोणापासून लपवायचं'. एका महिन्यात दोनच कामं. खेळाच्या आठ दिवस आधीपर्यंत कागद माझ्याकडे आला पाहिजे, तोंडी काही चालणार नाही. काम सोपं असेल तर मंजूर. अवघड किंवा दुसऱ्याच्या आड येणारं असेल तर सापशिडीचा फासा टाकायचा. एक-दोन पडलं तर काम फसलं, तीन-चार पडलं तर अर्धवट, पाच-सहा पडलं तर फत्ते. निकाल बंद पाकिटात तीन दिवसांत. आमच्या कार्यालयात तीन दिवसांत कागद एका टेबलावरून उठतसुद्धा नाही. पण जे राज्य अस्तित्वात नव्हतं, त्याचं काम मी वेळेवर करत होते आणि त्याचा मला अभिमान वाटायला लागला होता, हे कबूल केलं पाहिजे.

वकिलांनी पहिल्याच महिन्यात अकरा पानं पाठवली. मी 'दोनच कामं' असा शेरा मारून परत केली. मळ्याचा मालक खेळात किल्ल्याचा पहारेकरी होता. त्याला लिहायचा कंटाळा, तोंडी चालत नाही म्हटल्यावर त्याने फोन करून मलाच लिहायला लावलं.

"लिवा ताई, या महिन्यात म्या काईच नाई केलं."

"असं चालत नाही. पात्राने काहीतरी केलं पाहिजे."

"काऊन? वांग्याले फवारा माराचा होता, मिरची तोडाची होती. पहारेकरी बी माणूसच हाय ना? उभा होता, असं लिवा."

मी लिहिलं, 'पहारेकरी उभा होता.' फासा टाकायची गरज पडली नाही.

या चौदा जणांत एक नवरा-बायको होते. तो बँकेत, ती हायस्कूलला विज्ञान शिकवायची. खेळात तो सेनापती आणि ती किल्ल्याच्या कोठाराची कारभारीण. मी दफ्तर हातात घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात सेनापतीचा कागद आला. 'सेनापती सरहद्दीवर जातो. परत कधी येणार ते सांगत नाही.' साधं काम होतं, मी मंजूर केलं. पुढच्या महिन्यात कारभारणीचा कागद आला. 'कारभारीण सरहद्दीवर पत्र पाठवते', आणि सोबत पत्र जोडलेलं. ते सेनापतीला पोचवणं हे माझं काम होतं, आणि पोचवण्याआधी वाचणं हेही माझंच काम होतं.

पत्र सुरेख होतं. 'आपण गेलात तेव्हा मी कोठारात धान्य मोजत होते. वेशीवर जाऊन निरोप द्यावा एवढी तरी मला खबर हवी होती.' मी ते दोनदा वाचलं. विज्ञानाच्या बाई इतकं चांगलं लिहितात याचं मला नवल वाटलं. सेनापतीचं उत्तर पुढच्या महिन्यात आलं, तेही कमी नव्हतं. 'खबर दिली असती तर आपण थांबवलं असतं, आणि मी थांबलो असतो.' असं दोन-तीन महिने चाललं. खरं सांगायचं तर बाकीच्यांचे कागद मी उरकायचे आणि या दोघांचे शेवटी ठेवायचे, जेवणात पापड ठेवतो तसे. आमच्या घरी कधी भांडणसुद्धा पूर्ण वाक्यात झालेलं नाही. मिस्टरांनी वर्तमानपत्र वर उचललं की मी समजायचं.

मग एका पत्रात असं आलं, 'आपण निघून गेल्यापासून किल्ल्याच्या टाकीचा बॉल कॉक बिघडलेला आहे. पाणी येतं त्या दिवशी मी शाळा सोडून टाकीपाशी उभी राहते.'

मी पेन हातात घेऊन बॉल कॉक खोडला. राज्यात बॉल कॉक नव्हते. त्या जागी काय लिहावं, पाटाचं दार की हौदाची मोरी, याचा विचार करत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तो शब्द परत लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या मालकाला फोन लावला. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

"तुमाले नाई माहीत, ताई?" तो म्हणाला. "सायबानं वरवट बकालच्या शाखेत बदली मांगून घेतली ना. सोताहून. आन् बाईले सांगतलंच नाई. बाईले बँकेच्या शिपायाकून समजलं, भर बजारात."

"मग आता?"

"आता काय? तिकडे खोली करून राहून राह्यला. घरी येतच नाई. फक्त खेळाच्या रविवारी येते, सिद्दा मळ्यात, आन् संध्याकाळच्या गाडीनं वापस जाते. दोघं एकामेकासंगं बोलतच नाईत."

वरवट बकाल आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, संग्रामपूर तालुक्यात. पलीकडे डोंगर आणि मग मध्यप्रदेश. सेनापती खरोखरच सरहद्दीवर होता. आणि गेल्या चार-पाच खेळांत तो बांधावर आणि ती कोठारापाशी असे दोघं दिवसभर उभे होते, मध्ये मिरचीचं अख्खं रान, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटलं अभिनय आहे. सरांनी तर बाकीच्यांना सांगितलं होतं, "पात्रात कसं शिरायचं ते या दोघांकडून शिका."

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. काहीच नाही. कागद आला, नोंद केली, पुढे पाठवला. बावीस वर्षं मी तेच केलं होतं. म्हणून मी पत्रं पोचवत राहिले, फक्त पापडासारखी ती चवीने वाचायची थांबले.

पावसाळा संपताना एका आठवड्यात दोघांचेही कागद आले, एक सोमवारी, एक गुरुवारी. सेनापतीचा: 'सेनापती राजाकडे परत येण्याची परवानगी मागतो. हे कारभारणीपासून लपवावं. नाही मिळाली तर हसं होईल.' कारभारणीचा: 'कारभारीण राजाकडून हुकूम मिळवून सेनापतीला परत बोलावते. हे सेनापतीला कळू नये. तो नाही म्हणाला तर मला कळायला नको.'

राजाचं पात्र कोणाकडेच नव्हतं, तो कागदापुरताच होता, आणि त्याचं मन वळवणं हे अवघड काम. अवघड कामाला फासा. नियम मी केला होता आणि तो वकिलांना, पुजाऱ्याला, सगळ्यांना लावला होता. मी दुपारच्या सुट्टीत टेबलावर फासा टाकला. सेनापतीला एक पडला. कारभारणीला दोन.

दोघांचंही काम फसलं होतं. आता मला दोन पाकिटांत दोन निकाल लिहायचे होते. 'राजाने परवानगी नाकारली.' 'राजाने हुकूम काढला नाही.' आणि दोघांनाही एकमेकांबद्दल काही सांगायचं नव्हतं, कारण 'कोणापासून लपवायचं' हा रकाना मीच छापला होता.

समोर डब्यात पोळी होती, ती तशीच राहिली. परत फासा टाकावा असं वाटलं. पण परत टाकायचा म्हणजे लबाडी, आणि परतही एकच पडला तर? सरांना विचारलं तर ते म्हणणार, "फासा म्हणजे फासा, मॅडम." सरळ दोघांना फोन करून सांगावं असंही वाटलं. पण या वयाच्या माणसांना असं कोणी तिसऱ्याने सांगितलं की ती अजून लांब जातात, हे मी माझ्या सासरी पाहिलेलं आहे.

शेवटी मला जे येत होतं ते मी केलं. आमच्या कार्यालयात एखादा कागद मंजूरही करायचा नसतो आणि नामंजूरही करायचा नसतो, तेव्हा त्याच्यात त्रुटी काढतात. दाखला जोडला नाही, सही राहिली, प्रत साक्षांकित नाही. माणूस हेलपाटे घालत राहतो. मी हजारो लोकांना असं परत पाठवलेलं आहे आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मी दोन्ही कागदांवर स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'अर्जासोबत संबंधित दुसऱ्या पात्राची लेखी संमती जोडलेली नाही. सबब निकाल देता येत नाही. आठ दिवसांत समक्ष सही घेऊन पूर्तता करावी.'

त्रुटीचा अर्ज निकालात धरत नाहीत. म्हणजे फासा पडलाच नव्हता. मी फासा खणात टाकला आणि पोळी खाल्ली.

दोन दिवसांनी बाई माझ्या कार्यालयात आल्या. अंगावर शाळेची साडी, हातात तो कागद. शेजारच्या टेबलावरचे लोक ऐकत होते, पण त्यांना वाटलं नेहमीचंच प्रकरण असेल.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

"त्रुटी आहे."

"माझ्या अर्जाला त्यांची सही कशाला?"

"नियम आहे."

"कधीपासून?"

"परवापासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत डोकं घातलं. "ज्या कामाबद्दल त्यांना कळू नये म्हणते, त्या कामाला त्यांचीच संमती आणू? डोकं ठिकाणावर आहे का मॅडम तुमचं?"

"सही आणल्याशिवाय काही करता येणार नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलेलं आहे की ते आपोआप बाहेर येतं. पण त्या दिवशी ते नेहमीसारखं निघालं नसावं, कारण बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या.

त्याच संध्याकाळी सेनापतीचा फोन आला. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"मॅडम, दुसरं पात्र म्हणजे कोणतं?"

"संबंधित."

"म्हणजे तिचाही काही अर्ज आलाय का?"

"ते गोपनीय आहे. मला सांगता येत नाही."

माणूस बँकेतला, कागदाची भाषा त्यालाही येत होती. आलाच नसता तर मी 'नाही' म्हटलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं असेल.

"बरं," ते म्हणाले. "आठ दिवस म्हणता?"

"आठ दिवस."

सातव्या दिवशी टपालात एक पाकीट आलं. दोन्ही कागद एकाच टाचणीने टोचलेले. दोन्हीवर दोन-दोन सह्या, पात्रांच्या नावाने नव्हे, खऱ्या, बँकेत चालतील अशा. मी दोन्हीवर 'पूर्तता झाली, मंजूर' असा शेरा मारला, क्रमांक टाकला आणि सही केली.

मग रविवार आला आणि दोघंही खेळाला आले नाहीत. 'येणं जमत नाही,' एवढाच निरोप. पुढच्या महिन्यातही नाही. सेनापती नसल्याने पुजाऱ्याने मोठ्या आनंदाने किल्ला लुटला, आणि वकिलांनी तेवढ्यात स्वतःला राजा जाहीर करून घेतलं. सर माझ्या घरी आले. या वेळी चहा घेतला नाही.

"मॅडम, तुम्ही त्या दोघांना काहीतरी लिहून दिलं म्हणे."

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

"मले एक सांगा," सर म्हणाले, "फासा काय पडला होता?"

"एक आणि दोन."

"म्हणजे दोघांचं जमायचंच नव्हतं."

"राज्यात नव्हतं जमायचं."

"माझे सगळ्यात चांगले दोन खेळाडू होते हो," ते म्हणाले. "तुम्ही वकिलांची अकरा पानं परत केली. पुजाऱ्याचं बंड फाशाच्या एका आकड्याने फसवलं. आणि इथे तुम्हीच नियम मोडला."

"हो," मी म्हटलं. मला शरम वाटत होती. बावीस वर्षांत एकाही नोंदीत खाडाखोड केली नव्हती मी, खोटी तारीख टाकली नव्हती, आणि लबाडी केली ती या नसलेल्या राज्यात. "दफ्तर दुसऱ्या कोणाकडे द्यायचं असेल तर द्या."

बहुतेक सरांना तो हत्ती आणि ती मेथी आठवली. "नको," ते म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच."

बाई मला दिवाळीनंतर भेटल्या, शनिवारी, बसस्टँडवर. मी मेहकरच्या गाडीला उभी होते, त्या खामगावच्या. खांद्याला मोठी पिशवी, त्यातून पडद्याच्या कापडाची गुंडाळी वर आलेली.

"शेगावला गाडी बदलावी लागते," त्या आपणहून म्हणाल्या. "एक शनिवार मी जाते, एक शनिवार ते येतात. बदली आता लगेच रद्द होत नाही म्हणे. तीन वर्षं काढायचीत." मग जरा हसल्या. "तुम्ही मागितलेली सही घ्यायला गेले होते ना, तेव्हा पहिल्यांदा ती खोली पाहिली. सहीला एक मिनिट लागलं. बाकी चार तास भांडलो. घरमालकीण दोनदा चहा घेऊन आली, दुसऱ्यांदा तर बसलीच ऐकत."

"काय म्हणत होते ते?" मी विचारलं. विचारायचं नसतं, पण विचारलं.

"मुलगी शिकायला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणाले. म्हटलं, मी होते ना?" त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तर म्हणाले, तूही बोलत नव्हतीस. तेही खरंच होतं."

खामगावची गाडी लागली. लोक धावले. बाई धावल्या नाहीत, त्यांनी आधीच खिडकीतून रुमाल टाकायला कोणालातरी सांगितलं असावं. पायरीवर चढताना त्या थांबल्या.

"आमच्या पात्रांचं काय केलं हो तुम्ही?"

"सेनापतीला राजाची परवानगी मिळाली, एवढं दफ्तरात आहे. पुढचं काही नाही. तुमचे कागद आले नाहीत."

"पाठवते," त्या म्हणाल्या. "या महिन्यात नक्की पाठवते."

मी हो म्हटलं. त्यांनी कागद पाठवला नाही, आणि मीही स्मरणपत्र काढलं नाही.